‘चार-पाचला हात लावू नकोस’ : एका लिनक्स मिंट लॅपटॉपचं प्रकरण

मार्च २०२१ च्या पहिल्या आठवड्यात वाईहून आत्याचा फोन आला. बँकेचं पान उघडत नव्हतं. आत्या घरून लोणची-मसाले विकते, महिन्याचा हिशेब आणि पुरवठादारांचे पैसे सगळं लॅपटॉपवरूनच चालतं, त्यामुळे पान न उघडणं म्हणजे तिच्या लेखी दुकान बंद.

“ते म्हणतंय तुमचा ब्राउझर जुना झालाय,” ती म्हणाली. “पण माझी ढाल तर हिरवी आहे की रे.”

ही ढाल म्हणजे लिनक्स मिंट या विंडोजच्या जागी चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या अपडेट मॅनेजरचं चिन्ह. पडद्याच्या खालच्या पट्टीत उजव्या कोपऱ्यात बसतं. त्या काळच्या मिंटमध्ये अपडेट आलेली असली की ढाल निळी व्हायची, आणि सगळं भरून झालं की तिच्यावर हिरवी बरोबरची खूण यायची. लॅपटॉप माझाच जुना, २०१२ सालचा, आय-थ्री प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम. विंडोज त्यावर रखडायला लागलं तेव्हा फेब्रुवारी २०१६ मध्ये मीच त्यावर मिंट १७.३ टाकून आत्याला दिला होता. पाच वर्षं तिने त्यावर एक तक्रार केली नव्हती. तेच मला खटकायला हवं होतं.

त्या शनिवारी पुण्याहून वाईला गेलो. लॅपटॉप स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत टेबलावर होता, एका बाजूला बरण्यांची लेबलं, दुसऱ्या बाजूला वजनकाटा. पडद्याच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेला, आता पिवळा पडलेला कागद होता. अक्षर तिचं, वाक्यं माझी:

“ढाल निळी – टिचकी – इन्स्टॉल. १, २, ३ चालेल. ४ आणि ५ ला हात लावायचा नाही. हिरवी = ठीक.”

या प्रकरणात जे जे बिघडलं त्याचं मूळ त्या कागदावर होतं. तो मी सांगून लिहून घेतलेला होता.

आधी यंत्राची तपासणी. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, युनेम ही आज्ञा देऊन कर्नलचा क्रमांक पाहिला: ३.१९.०-३२. मिंट १७.३ डिसेंबर २०१५ मध्ये आलं, ते हाच कर्नल घेऊन. म्हणजे कर्नल, यंत्रणेचा गाभा, पहिल्या दिवसापासून एकदाही बदलला नव्हता. फायरफॉक्स ६६ वर थांबलेला, जगात तेव्हा ८६ चालू होता. वीस आवृत्त्यांचं अंतर. भरीस भर, फ्लॅश हे ब्राउझरमध्ये व्हिडिओ-खेळ चालवणारं जुनं जोडसाधनही तिथेच. तेव्हाच्या मिंटमध्ये फ्लॅश आयतंच यायचं. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला त्याची देखभाल थांबवली होती आणि फायरफॉक्सने ८५ व्या आवृत्तीत त्याला घराबाहेर काढलं होतं. आत्याच्या फायरफॉक्सला यातलं काहीच कळलेलं नव्हतं.

मग अपडेट मॅनेजर उघडून ‘रिफ्रेश’ दाबलं. थोडा वेळ फिरलं, आणि आलं: तुमची यंत्रणा अद्ययावत आहे. हिरवी खूण.

हे कसं? मिंट १७.३ उभं होतं उबुंटू १४.०४ या दुसऱ्या लिनक्सच्या पायावर, आणि दोघांचीही नेहमीची देखभाल एप्रिल २०१९ मध्ये संपली. पण देखभाल संपली म्हणून पॅकेजचे, म्हणजे प्रोग्रामच्या गाठोड्यांचे, सर्व्हर बंद होत नाहीत. भांडार जागेवर असतं, त्यात नवा माल येत नाही, इतकंच. यंत्र रोज विचारतं, “माझ्यासाठी काही आहे?” सर्व्हर म्हणतो, “नाही.” यंत्र ढाल हिरवी करतं. दोघंही खरं बोलतात. पोस्टमन गाव सोडून गेला तर रोज दारात पत्र नाही म्हणून कोणी लिहीतच नाही असं समजावं, तसं. त्या जुन्या अपडेट मॅनेजरने “आता मागून काही येणार नाही” असं आत्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी तर नाहीच.

ती हिरवी खूण किती पोकळ आहे हे पाहायला एक छोटी चाचणी केली. २६ जानेवारी २०२१ ला क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी सुडो या आज्ञेतलं एक भगदाड जाहीर केलं होतं. ‘बॅरन सॅमेडिट’ असं त्याचं नाव पडलं. सुडो म्हणजे साध्या वापरकर्त्याला पासवर्ड घेऊन मालकी हक्क देणारं साधन, लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक डेस्कटॉपवर असतं. जुलै २०११ पासून त्यात अशी चूक होती की पासवर्डशिवायच मालक होता यावं. तपासायचं सोपं होतं: साध्या वापरकर्त्यानेच सुडोएडिट, पुढे वजा-एस आणि एक तिरकी रेघ असं टाइप करायचं. उत्तराची सुरुवात ‘यूसेज’ने झाली तर दुरुस्ती झालेली आहे. ‘सुडोएडिट’ने झाली तर भोक उघडं आहे.

आत्याच्या पडद्यावर ओळ आली ती ‘सुडोएडिट’नेच सुरू होणारी.

“म्हणजे काय झालं?” ती मागे उभी होती.

“म्हणजे तुझ्या घराच्या कुलपाला किल्ली लागत नाही. ढकललं की उघडतं.”

“पण ढाल…”

इथे घाबरवण्यापेक्षा नेमका धोका किती हे बघायला हवं. लिनक्सवर लिहिणारे आम्ही लोक यात दोन टोकांना जातो: एक म्हणतो लिनक्सला काही होत नाही, दुसरा म्हणतो जुना कर्नल म्हणजे सगळं लुटलं गेलं. आत्याचा लॅपटॉप घरच्या राउटरच्या मागे होता, बाहेरून कोणी थेट दार ठोठावू शकेल अशी कुठलीही सेवा त्यावर चालू नव्हती. कर्नलमधली किंवा सुडोमधली भोकं बहुतेक वेळा आतल्या खोलीची असतात, आधी कुणीतरी घरात शिरावं लागतं. घरच्या यंत्रात शिरायचा रस्ता म्हणजे ब्राउझर, त्याखालोखाल मेलमधून आलेली फाइल. म्हणून १५ सालचा कर्नल आणि १९ सालचा फायरफॉक्स यांत मला फायरफॉक्सची भीती जास्त वाटली. ब्राउझरच्या भोकातून एखादा प्रोग्राम आत्याच्या नावाने चालू लागला, तर एरवी तो आत्याच्या फायलींपुरता राहतो. सुडोचं भोक असेल तर तो अख्ख्या यंत्राचा मालक होतो आणि मग पुन्हा इन्स्टॉल केल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही एकत्र असली की घात. इथे दोन्ही एकत्र होती, आणि त्यावर बँक चालू होती.

आता त्या कागदाकडे.

लिनक्स मिंट २००६ साली क्लेमाँ लफेव्र यांनी सुरू केलं. सुरुवातीपासून त्याचं गिऱ्हाईक म्हणजे विंडोज सोडून येणारा नवखा माणूस. त्या काळी लिनक्सवर अपडेट करणं म्हणजे थोडा जुगारच होता. नवा कर्नल आला की एनव्हिडिया किंवा एटीआयचा ग्राफिक्स ड्रायव्हर त्याच्याशी जुळेना, रीस्टार्ट केलं की काळा पडदा. ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर इंटरनेटही गायब, मग उत्तर शोधायचं कुठे? एप्ट हे पॅकेज व्यवस्थापन पॅकेज भरण्यात पटाईत, पण कालच्या स्थितीला परत जाण्यासाठी त्यात सरळ सोय नाही. नवखा माणूस अशा पडद्यासमोर एकदा बसला की परत विंडोजकडे पळतो.

मिंटने यावर उपाय काढला तो पातळ्यांचा. प्रत्येक अपडेटला १ ते ५ असा आकडा. १ म्हणजे प्रमाणित, २ शिफारस केलेलं, ३ सुरक्षित, ४ असुरक्षित, ५ धोकादायक. पहिल्या तीन आपोआप निवडलेल्या असायच्या. ४ आणि ५ सुरुवातीलाच बंद, सेटिंग्जमध्ये जाऊन खूण केल्याशिवाय त्या नवख्याला दिसायच्याही नाहीत. कर्नल आणि ग्राफिक्सच्या मुळाशी असलेली पॅकेजेस याच वरच्या पातळ्यांत पडायची.

हेतू वाईट नव्हता, उलट अगदी घरगुती काळजीचा होता. गफलत झाली ती शब्दांची. ‘असुरक्षित’, ‘धोकादायक’ हे शब्द यंत्र बिघडण्याच्या धोक्याबद्दल होते. वाचणाऱ्याला मात्र ते चोरीच्या, हल्ल्याच्या धोक्याबद्दल वाटणार. म्हणजे ज्या पॅकेजने कर्नलमधलं भोक बुजायचं, त्याच्याच कपाळावर ‘धोकादायक’ असा शिक्का. एकाच ‘सुरक्षित’ शब्दात स्थैर्य आणि संरक्षण हे दोन वेगळे अर्थ कोंबले आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढू लागले. आत्याने मला विचारलंच, “धोकादायक लिहिलेलं मी का घालू यंत्रात?” याला उत्तर नव्हतं. तिने वाचलेला शब्द बरोबर वाचला होता.

या पातळ्यांवर टीका झाली नव्हती असं नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये उबुंटूच्या एका विकासकाने जाहीरपणे म्हटलं की मिंट सुरक्षेची काही अपडेट मागे ठेवतं आणि अशा यंत्रावर मी स्वतः बँकेचं काम करणार नाही. मिंटने खुलासा दिला: ब्राउझर आम्ही रोखत नाही, पातळ्या ही फक्त गाळणी आहे, ज्याला हवं त्याने उघडावी. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. मी तेव्हा मिंटच्या बाजूने तावातावाने वाद घातलेला मला आठवतो, कारण टीका करणारा उबुंटूवाला होता. आत्याच्या लॅपटॉपसमोर बसल्यावर तो वाद जरा वेगळा दिसला. ‘ज्याला हवं त्याने उघडावी’ हे वाक्य माझ्यासारख्याला लागू आहे. ज्याच्यासाठी मिंट बनवलं त्याला नाही. तो सेटिंग्ज उघडत नाही, म्हणून तर तो नवखा.

मधल्या काळात काय काय येऊन गेलं ते बघा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाचं भोक उघडकीला आलं, ते कर्नलमध्ये २००७ पासून होतं. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधली मेल्टडाऊन आणि स्पेक्टर ही दुखणी, त्यांच्यावरचा बराचसा उपचार कर्नलमधूनच आला. आत्याचा कर्नल या सगळ्यांच्या आधीचा. एकही गोळी पोटात गेली नव्हती.

आणि मिंट? मिंटने स्वतःचं मत बदललं होतं, आत्याच्या लॅपटॉपला आणि माझ्या डोक्याला पत्ता न लागू देता. २०१६ च्या मिंट १८ मध्ये पातळ्यांवर धोरणं आली, ‘माझं यंत्र सांभाळा’पासून ‘सगळं अपडेट करा’पर्यंत, निवड तुमची. नोव्हेंबर २०१७ च्या १८.३ मध्ये टाइमशिफ्ट आलं. हे साधन यंत्रणेच्या फायलींचा स्नॅपशॉट घेऊन ठेवतं; उद्या अपडेटने काही मोडलं तर कालच्या स्थितीला नेऊन ठेवतं, तुमच्या स्वतःच्या फायलींना हात न लावता. आणि जून २०१८ च्या मिंट १९ पासून सूर पूर्ण पालटला: निवडून अपडेट करू नका, सगळं करा, बिघडलं तर टाइमशिफ्ट आहे. पुढे पातळ्याच गेल्या.

मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो पातळ्यांचा मूळ प्रश्नच सोडवतो. भीती अपडेटची नव्हती, परतीचा रस्ता नसण्याची होती. रस्ता मिळाल्यावर ‘धोकादायक’ हा शब्द ठेवायचं कारणच उरलं नाही. एवढं सरळ असून दहा वर्षं लागली. मिंटला दोष देणारा मी कोण, मला तर पंधरा लागली असती, आत्याचं पान बंद पडलं नसतं तर.

योगायोग असा की मी वाईला जाण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, लफेव्र यांनीच ‘आपला कंप्युटर अपडेट करा’ अशा अर्थाचं कळकळीचं आवाहन केलं होतं. मिंट वापरकर्त्यांवर पाळत ठेवत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे असलेले आकडे अंदाजाचे, ब्राउझरचं सुरुवातीचं पान आणि पॅकेजची रहदारी यांवरून काढलेले. तरी चित्र बोलकं होतं: फायरफॉक्सची नवी आवृत्ती आल्यावर आठवडाभरात ती घेणारे लोक एक तृतीयांशापेक्षा कमी, आणि देखभाल संपून दोन वर्षं होत आलेल्या १७ मालिकेवर अजून बसलेले लोक ५ ते ३० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. त्या अंदाजातली एक आत्या वाईला होती.

इथे एक मधलं वळण घेतो, कारण त्या शनिवारी माझी खरी झोप उडाली ती याने. लॅपटॉपमधल्या इन्स्टॉलरच्या नोंदींची तारीख पाहिली: २८ फेब्रुवारी २०१६. आवृत्ती: १७.३, सिनॅमन (मिंटच्या वेगवेगळ्या रूपांपैकी एक). आणि डोक्यात घंटा वाजली.

२० फेब्रुवारी २०१६, शनिवार. त्या दिवशी मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली होती. शिरकाव वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवायच्या साधनातून झाला. घुसखोराने १७.३ सिनॅमनच्या आयएसओचा, म्हणजे इन्स्टॉलची डिस्क बनवायच्या फाइलचा, दुवा बदलून बल्गेरियातल्या सर्व्हरवर ठेवलेल्या फाइलकडे वळवला. त्या फाइलमध्ये सगळं मिंट होतं आणि सोबत ‘त्सुनामी’ नावाचा छुपा प्रोग्राम, जो आयआरसी या गप्पांच्या जुन्या जाळ्यावरून दूरच्या मालकाचे हुकूम घेतो. मिंटने एका दिवसात ते पकडलं, जाहीर केलं, साइट खाली घेतली. ज्यांनी टॉरंटने उतरवलं त्यांना धोका नव्हता, इतर आवृत्त्यांनाही नव्हता. नेमकं सिनॅमन, नेमका तो दिवस, नेमकं थेट डाऊनलोड.

मी कसं उतरवलं होतं? अजिबात आठवेना. त्या काळी कधी टॉरंट, कधी ऑफिसच्या वेगवान जोडणीवरून थेट, असं दोन्ही चालायचं.

तपासायची खूण लफेव्र यांनीच तेव्हा दिली होती: त्या डिस्कवरून यंत्र सुरू केल्यावर ‘व्हार’मधल्या ‘लिब’ या फोल्डरात ‘मॅन डॉट सीवाय’ नावाची फाइल असली तर तुमची प्रत बाधित. इन्स्टॉल करताना डिस्कवरचंच सगळं यंत्रात कॉपी होतं, म्हणून तिथेही बघायला हरकत नव्हती. आज्ञा टाइप केली, एंटर दाबायला जरा वेळ लावला. ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही.’ बरं वाटलं, पण फाइल नसणं हा पूर्ण पुरावा नव्हे. रात्री पुण्यात परत येऊन जुनी बाह्य हार्डडिस्क काढली, त्यात ती आयएसओ सापडली, तारीख ११ फेब्रुवारी. मिंटने जाहीर केलेल्या एमडी५ बेरजेशी, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाशी, जुळली. तेव्हा कुठे सुटलो.

पण एक गोष्ट टोचत राहिली. २०१६ मध्ये मी ती बेरीज तपासलीच नव्हती. आणि तपासली असती तरी, साइटच ज्याच्या ताब्यात आहे तो साइटवरची बेरीजही बदलू शकतो. म्हणून बेरजेला सही हवी. एप्टने येणाऱ्या पॅकेजना ही सोय आपोआप असते: भांडाराच्या यादीवर चावीने सही, यादीत प्रत्येक फाइलची बेरीज, सही जुळली नाही तर यंत्र तक्रार करतं. त्यामुळे पॅकेज साध्या जोडणीवरून आलं तरी मध्ये कोणी बदललं तर उघड होतं. पहिली आयएसओ मात्र माणसाने स्वतः तपासायची असते. साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे तो सुरुवातीचा, उत्साहाचा अर्धा तास.

उपायाचं थोडक्यात. एकेक पायरी चढत १७ वरून १८, १९, २० असं नेता आलं असतं, पण पाच वर्षं उघड्या राहिलेल्या यंत्रावर मला तसा भरवसा ठेवायचा नव्हता. लागण झाल्याचं काही सापडलं नाही; सापडलं नाही म्हणजे नव्हतीच, असं मी म्हणणार नाही. म्हणून आत्याची कागदपत्रं, हिशेबाच्या फायली आणि फायरफॉक्समधले बुकमार्क तेवढे काढून घेतले, लपलेली सेटिंग्ज मुद्दाम मागे सोडली. बँकेचा आणि मेलचा पासवर्ड तिच्या मोबाइलवरून बदलून घेतला, लॅपटॉपवरून नाही. मिंट २०.१ तेव्हा ताजं होतं, जानेवारी २०२१ चं, एप्रिल २०२५ पर्यंत देखभालीचं. यावेळी एसएचए२५६ बेरीज काढली, तिच्यावरची सही मिंटच्या चावीशी ताडून पाहिली. दहा मिनिटांचं काम. डिस्क पुसली, भरली. मराठी कळफलक लावला, कारण त्याशिवाय बरण्यांची लेबलं होत नाहीत आणि लेबलांशिवाय आत्याला ‘नवं’ काही पटत नाही.

मग टाइमशिफ्ट. रोजचा एक स्नॅपशॉट, तीन ठेवायचे.

आणि मग आमचं भांडण. मी म्हटलं, अपडेट मॅनेजरच्या पसंतीत ‘स्वयंचलन’ आहे, ते चालू करतो, तुला ढालीकडे बघायलाच नको. आत्या म्हणाली, “माझ्या यंत्रात माझ्या नकळत काही नको.”

मी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिने बरण्या उचलून टेबल आवरायला घेतलं, लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि भिंतीवरचं बटण खट्कन बंद केलं. लॅपटॉप मेला. झोपला नाही, मेला. बॅटरी कधीच गेली होती; पाच वर्षं तो फक्त वायरीवर चालत होता आणि संध्याकाळी असाच भिंतीवरच्या बटणाने बंद होत होता. “वीज वाया जाते,” ती म्हणाली.

पॅकेज अर्धवट भरलेलं असताना वीज गेली तर पॅकेजची यादीच अडकून बसते. पुढचं अपडेट काही केल्या होत नाही, आणि ते सोडवायची आज्ञा आत्याला कोण सांगणार? कर्नल भरताना गेली तर सकाळी काळा पडदा. म्हणजे मी पडद्याआड आपोआप होणारं अपडेट चालू करून गेलो असतो, तर आठवड्याभरात माझ्याच हाताने तिला तेच दिलं असतं ज्याच्या भीतीने मिंटने पातळ्या आणल्या होत्या.

या प्रकरणातली माझ्या मते सर्वात मोठी सुरक्षा दुरुस्ती म्हणजे नवी बॅटरी. ती मागवली, चार दिवसांनी आली, तिच्या शेजारच्या मुलाने बसवली. आणि आत्याची अट मान्य केली: स्वयंचलन बंद, दर शनिवारी सकाळी चहाच्या वेळी ती स्वतः ढाल उघडणार, सगळ्याला टिचकी, इन्स्टॉल. रीस्टार्ट मागितलं तर करायचं. कर्नल आला तर घाबरायचं नाही. बंद करताना मेनूतून.

जुना कागद तिने काढला, मागच्या बाजूला नवं लिहिलं. मी सांगायला लागलो तर म्हणाली, “तू बोलू नकोस, मीच लिहिते.” तिने लिहिलं: “शनिवार. सगळं. मेनूतून बंद.”

तिच्या भाषेत ते माझ्यापेक्षा आखूड आणि बरंच बरोबर होतं.

जुलै २०२१ मध्ये मिंट २०.२ आलं आणि त्यात आठवण करून देणारी सूचना आली. आवाहनानंतर मिंटने विचार करून केलेलं हे काम मला आवडलं, कारण ते ओरडत नाही. सुरक्षेचं किंवा कर्नलचं अपडेट वापराच्या सातपेक्षा जास्त दिवस पडून राहिलं, किंवा १५ दिवसांपेक्षा जुनं झालं, तरच ती दिसते. गेल्या तीस दिवसांत तुम्ही अपडेट केलेलं असेल तर गप्प बसते. बंद केली तर दोन दिवस परत येत नाही. विंडोजचा अपडेटचा निळा पडदा आठवणाऱ्या माणसाला हे अंतर कळेल.

आत्याला ती दिसली गणपतीनंतर. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे तिचा मसाल्यांचा हंगाम, शनिवार सगळे हुकले होते. फोन आला, आवाजात चिडचिड: “ते मला विचारतंय, पंधरा दिवस झाले, करायचं का.”

“मग?”

“मग काय, केलं. त्यात कर्नल होता.” थोडं थांबून, “काही झालं नाही.”

वहीच्या शेवटच्या पानावर तिने त्या मार्चमध्येच एक ओळ लिहून ठेवली होती, मी बाहेर पडताना दाखवली होती: “एप्रिल २०२५ – लॅपटॉप संपणार – भाच्याला फोन.” मी ती विसरलो. २०२५ च्या मार्चमध्ये, एक महिना आधीच, फोन वाजला. पहिलं वाक्य होतं, “यावेळी रॅम वाढवून दे, आणि कागद मीच लिहिणार.”